नॉरिसचं डोकं

अल्सीड दुसेला माणसं आवडायची नाहीत, आणि जन्मभर त्याने फोटो काढले ते माणसांचेच. ट्रेमे ह्या बँडवाल्यांच्या वस्तीतल्या कुठल्याही पायरीवर बसलेल्या कुणालाही त्याच्याबद्दल विचारा, तो आधी हसणार आणि मग म्हणणार, "तो म्हातारा? अरे, तो वर गेला ना, तर देवालासुद्धा विचारेल, तू वाजवतोस काय आणि कुणाच्या बँडमध्ये. उत्तर पटलं नाही तर कॅमेरा काढणारच नाही."

पोटासाठी तो शाळांमध्ये वर्गाचे फोटो काढायचा. उंच पोरं मागे, बुटकी पुढे, "हनुवटी वर. हलू नको. हलू नको म्हटलं ना गाढवा." एकदा फोटोत एका पोराचा नुसता कान कापला गेला तर दुसऱ्या दिवशी त्याची आई झाडू घेऊन दारात उभी! तेव्हापासून डोक्यांच्या बाबतीत तो फार जपून असायचा. म्हणजे शाळेतल्या डोक्यांच्या बाबतीत.

रविवार मात्र त्याचा स्वतःचा. रविवारी मिरवणूक निघायची, पुढे बँड, मागे नाचणारी अख्खी वस्ती, आणि बँडच्याही पुढे हा अल्सीड, उलटा चालत, तोंड ट्रम्पेटवाल्यांकडे आणि डोळा कॅमेऱ्याला. वाटेतले खड्डे त्याच्या टाचांना माहीत होते, त्याला स्वतःला बघावं लागायचं नाही. घरी येऊन न्हाणीघराच्या खिडकीला काळं कापड लावायचं आणि टबात फोटो धुवायचे. सगळे काळेपांढरे. रंगीत फोटो म्हणजे त्याच्या मते केकवरची साखर. बायको त्या टबाला कंटाळून माहेरी गेली असं तो सगळ्यांना सांगायचा. बायको सांगायची, टबाचं काही नव्हतं हो, तोंडाला कंटाळले.

धुतलेले फोटो घेऊन पुढच्या रविवारी तो 'निळं दार'मध्ये यायचा. निळं दार हा मिस डॉटचा बार, आणि दार कधीच निळं राहिलं नव्हतं, नाव तेवढं राहिलेलं. तिथला रिवाज असा की फोटो आधी ज्याचा त्याच्या हातात द्यायचा, दुसऱ्या कुणी बघायच्या आत, आणि मग त्याची एक प्रत मिस डॉट भिंतीवर ठोकणार. बास. त्या भिंतीवर चढलात की तुम्ही वाजवणारे, तोपर्यंत नुसते फुंकणारे! वरच्या रांगेत गेलेले म्हातारे, खाली अजून चालते-फिरते, आणि एखादा गेला की मिस डॉट त्याला खिळ्यासकट वर सरकवायची. नवी पोरं ट्रम्पेट घेऊन त्याच्यासमोर वर्षानुवर्षं गाल फुगवायची, गुडघे वर करून नाचायची, घामाने चिंब व्हायची, आणि अल्सीड कॅमेरा खाली करून म्हणायचा, "बाळा, जरा बाजूला हो, मागचा खांब दिसत नाहीये."

असा माणूस. पोरं रडायची रे अक्षरशः! आणि तरी पुढच्या रविवारी पुन्हा यायची.

बाहेरून येणाऱ्या फोटोवाल्यांवर तर त्याचा विशेष राग. गळ्यात कॅमेऱ्यांच्या माळा, खिशाखिशाचं जाकीट. त्यांना तो भांडीवाले म्हणायचा. "आले बघ भांडीवाले. आपल्या भिंतीचा पोपडा काढतील, आपल्या म्हाताऱ्याचा पडका दात काढतील, आणि जातील. आजवर एकाने तरी फोटो परत पाठवला? एकाने?" आणि हे खरंच होतं, कुणीच पाठवला नव्हता.

बार एकेक करून बंद पडत गेले, त्यांचे आतले-बाहेरचे फोटोही त्याच्याकडे होते, अगदी शेवटच्या दिवशी उलट्या ठेवलेल्या खुर्च्यांसकट. ज्या बारमध्ये सोमवारी बँडवाल्यांना राजमा-भात फुकट मिळायचा तिथे पुढे मेणबत्त्या आणि बकरीच्या दुधाचं चीज आलं. तिथेही म्हणे भिंतीवर जॅझवाल्यांचे फोटो लावलेत. अल्सीड मुद्दाम बघून आला आणि आठवडाभर तेच सांगत सुटला. "फ्रेमच्या दुकानातून डझनाने आणलेत! आणि त्यातला एक तर वाजवणारा नाहीच, नट आहे कुठलासा, आणि ट्रॉम्बोन उलटा धरलाय मेल्याने, आणि त्याच्याखाली बसून लोक चीज खातायत!"

पण ही सगळी चिल्लर. मनापासूनचा, राखून ठेवलेला, चांगल्या दारूसारखा मुरवलेला तिटकारा त्याच्याकडे एकाच माणसासाठी होता. नॉरिस गॅस्पर्ड.

दोघं एका गल्लीतले, एका शाळेतले. शाळेच्या बँडमध्ये नॉरिसने ट्रम्पेट तोंडाला लावलं की पायरीवरचे म्हातारे हातातला ग्लास खाली ठेवायचे. हातातला ग्लास! ट्रेमेत ह्याहून मोठी दाद नाही. सगळे म्हणायचे, हा पोरगा ह्या वस्तीचं नाव काढणार. मग नॉरिसचं क्लोटीलशी लग्न झालं, पाठोपाठ लेकरं झाली, आणि त्याने नदीकाठच्या मोठ्या हॉटेलात नोकरी धरली. काम काय, तर रविवारी सकाळी पाहुण्यांच्या टेबलांमधून फिरत ट्रम्पेट वाजवायचं. अंगात लाल-पांढऱ्या पट्ट्यांचं जाकीट, बिनबाह्यांचं, डोक्यावर गवताची चपटी टोपी, आणि तोंडावर हसू. हसू हे कपड्यातच धरलेलं होतं.

आणि वार कुठला? रविवार! मिरवणुकीचा वार!

अल्सीडने त्या दिवसापासून त्याला जो टोपीवाला म्हणायला घेतला तो शेवटपर्यंत. "तो वाजवत नाही रे," निळ्या दारात तो सगळ्यांना ऐकवायचा, "वाढतो. एका हाताने अंडी, एका हाताने संगीत. हवं तर वरून सॉस." लोक खो खो हसायचे. नॉरिस रस्त्यात भेटला आणि म्हणाला, "काय अल्सीड, बरं चाललंय ना?" की हा डोळे बारीक करून म्हणायचा, "कोण? टोपी नाही ना, ओळखलं नाही."

शनिवारी कुणाची अंत्ययात्रा असली की नॉरिस यायचा, काळा कोट, काळी टोपी, बँडच्या डाव्या टोकाला उभा राहून वाजवायचा. तेव्हा अल्सीड काय करायचा माहितीये? बरोबर दोन पावलं सरकायचा, म्हणजे चौकट नॉरिसच्या आधी संपायची. डोळ्यानेच कापायचा त्याला. निळ्या दारातल्या एका फोटोत कडेला नुसतं ट्रम्पेटचं तोंड आहे, हवेत लटकलेलं, कुणाच्याच मालकीचं नसल्यासारखं. ते नॉरिसचं.

आणि मग तो संडासाजवळचा फोटो.

झालं असं की बँडमधला टूट, ढोलवाला टूट, तो त्याच हॉटेलात भांडी घासायचा. त्याला त्याचा फोटो द्यायला अल्सीड मिरवणूक नव्हती अशा एका रविवारी सकाळी हॉटेलच्या मागच्या गल्लीत गेला. तिथे मुदपाकखान्याच्या दाराशी, कोबीच्या खोक्यावर, नॉरिस बसलेला. दोन टेबलांमधली सुट्टी. गवताची टोपी जमिनीवर उलटी पडलेली, जाकिटाचं एक बटण तुटलेलं, समोर टूट आणि अजून एकजण ओल्या हातांनी उभे, आणि नॉरिस वाजवतोय. अगदी हळू, आतल्या साहेबाला ऐकू जाऊ नये इतकं हळू, अंत्ययात्रेत वाजवतात ते जुनं संथ गाणं. डोळे मिटलेले. तोंडावर हसू नाही, काहीच नाही.

अल्सीडचा हात वर गेला, सवयीनेच गेला, आणि त्याने एकच फोटो काढला. नॉरिसला कळलंही नाही. टूटने बघितलं.

संध्याकाळी न्हाणीघरात कागद पाण्यात सोडला तर सगळ्यात आधी उमटला तो चेहरा. आणि असला चांगला उमटला, असला चांगला, की अल्सीडचं डोकंच फिरलं. इतकी वर्षं इतक्या माणसांच्या पुढे उलटं चालून जे मिळालं नव्हतं ते ह्या टोपीवाल्याने कोबीच्या खोक्यावर बसून देऊन टाकावं! त्याने तो कागद फाडला. दुसरा घेतला आणि चौकट खाली ओढली, बरोबर मानेपर्यंत. डोकं गेलं, ट्रम्पेटचा वरचा भाग गेला. उरले पट्टे, पोट, तुटलेल्या बटणाचा दोरा, ट्रम्पेटच्या कळांवरची बोटं आणि पायाशी उलटी टोपी, भिकाऱ्याच्या वाडग्यासारखी. खाली त्याने पेनने लिहिलं, 'न्याहारी'.

पुढच्या रविवारी निळ्या दारात हशा इतका झाला की मिस डॉटला गल्ल्यावर डोकं टेकून रडायला आलं, हसून हसून. पण भिंतीवर लावायला ती तयार झाली नाही. "भिंत वाजवणाऱ्यांची आहे, असलं काही असेल तर तिकडे लाव." मग अल्सीडने तो संडासाकडे जाणाऱ्या बोळात स्वतःच ठोकला.

नॉरिसने तो बघितलाच, कधीतरी बघणारच होता. बाहेर आला, सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे. तो म्हणाला, "बटण तुटलं होतं रे माझं, सांगायचं नाही का कुणी?" आणि बिअर मागवली. पण तेव्हापासून तो बोळातून येता-जाता ती फ्रेम सरळ करायचा. दार आपटलं की ती तिरकी व्हायची, आणि नॉरिस एका बोटाने तिला सरळ करायचा. वर्षानुवर्षं. स्वतःच्याच बिनडोक्याच्या पोटाला!

मग वादळ आलं आणि पाणी शहरात शिरलं. अल्सीडने निगेटिव्हची खोकी माळ्यावर चढवली, कंबरेएवढ्या पाण्यात उभं राहून, एकेक करून. खोकी भरपूर आणि हात दोनच, मग निवड आली. वाजवणारे वर. बंद पडलेले बार वर. कपाटाचा सगळ्यात खालचा खण होता, त्याला तो गाळ म्हणायचा, फसलेले फोटो, हललेले फोटो, न आवडलेले फोटो. तो खाली राहिला. पाणी उतरलं तेव्हा त्या खणातल्या फिल्मचा एकच चिकट हिरवा गोळा झाला होता, आणि अल्सीडने तो सडलेल्या फ्रीजबरोबर रस्त्याच्या कडेला टाकून दिला. तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही. गाळच तो.

त्यानंतर काही वर्षांनी नॉरिस गेला. किडन्या. आणि दुसऱ्या दिवशी क्लोटील अल्सीडच्या व्हरांड्यात आली, खुर्चीवरचं मांजर उचलून खाली ठेवलं आणि बसली.

"नॉरिस गेला."

"कळलं. वाईट झालं." इथेच थांबायला त्याला काय झालं होतं? पण नाही. "हॉटेलवाले फुलं पाठवतील ना? टोपीच्या आकाराची?"

क्लोटीलने त्याच्याकडे बघितलं, मासळीवालीकडच्या परवाच्या माशाकडे बघावं तसं. "ओकून झालं सगळं? की आहे अजून? असलं तर ओक, मी थांबते."

अल्सीड मांजराकडे बघायला लागला.

"शनिवारी अंत्ययात्रा आहे," ती म्हणाली. "मला पंख्यासाठी फोटो हवाय."

चर्चमध्ये उकडतं म्हणून काडी लावलेले पुठ्ठ्याचे पंखे वाटतात, एका बाजूला गेलेल्याचा चेहरा. यात्रेनंतर लोक ते टाकत नाहीत, आरशाच्या कडेला खोचून ठेवतात. ट्रेमेत माणूस किती काळ लक्षात राहणार ते बरंचसं त्या पंख्यावर असतं.

"घरात नाहीत का फोटो?"

"घरातले पाण्याने नेले. फोनमधले दवाखान्यातले आहेत, नाकात नळ्या आणि तोंड सुजलेलं. आणि उरला हा." तिने पर्समधून हॉटेलचं घडी घातलेलं जाहिरातपत्रक काढलं. त्यावर दातभर हसणारा नॉरिस, हातात कोळंबीचं ताट, आणि कपाळावरून आडवी अक्षरं, भरपेट न्याहारी. "हा छापू? तुझ्या मनासारखं होईल. अख्खी वस्ती टोपीवाल्यानेच वारा घेईल."

"हसरा तरी आहे."

"नॉरिस हसरा नव्हता, अल्सीड! हसण्याचा पगार मिळायचा म्हणून हसायचा. घरी आला की आधी गाल चोळत बसायचा, दुखायचे म्हणून. तुला कुठून माहीत असणार, तू त्याच्या तोंडाकडे कधी बघितलंस?"

"मग मी काय करू? माझ्याकडे नाही त्याचा फोटो."

"आहे. मिस डॉटच्या संडासाजवळ आहे."

अल्सीडचा आवाज खाली गेला. "त्यात डोकं नाही."

"तेच सांगायला आलेय. डोकं तू कापलंस. टूट तिथे उभा होता, त्याने मला सांगितलंय, तू अख्खा नॉरिस काढला होतास, डोळे मिटून वाजवत होता तो. म्हणजे डोकं तुझ्याकडे आहे. गुरुवारी छापायला द्यायचंय." ती उठली, मांजर उचलून परत खुर्चीवर ठेवलं. "माझ्या नवऱ्याचं डोकं परत दे."

अल्सीड माळ्यावर चढला. अर्ध्या शिडीवरच त्याला आठवलं, तो खण, तो हिरवा गोळा, तो फ्रीज. तरी तो चढला. माळ्यावर उन्हाने भट्टी झालेली आणि तो एकेक खोकं उघडून बसला, उजेडात निगेटिव्ह धरून, जसं काही नॉरिस चुकून एखाद्या चांगल्या खोक्यात शिरला असेल. वाजवणारे सगळे होते. वाजवता न येणारेही होते, केवळ रविवारी चालत होते म्हणून! एका निगेटिव्हमध्ये तर एक कुत्रा होता, बँडच्या मधोमध, डोक्यासकट. नॉरिस कुठेच नव्हता. डावं टोक आलं की चौकट संपायची. किती सफाईने कापलं होतं, एकदाही चूक नाही, एकदाही हात हलला नाही.

क्लोटीलला तो म्हणाला, शोधतोय. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, शोधतोय, खोकी फार आहेत. इतरांच्या तोंडावर वाटेल ते फेकणारा माणूस, त्याच्या तोंडातून एवढं एक वाक्य निघेना. का? क्लोटीलला घाबरला असं नाही. ट्रेमेतला एकूण एक वाजवणारा माझ्याकडे आहे, हे तो जन्मभर सांगत आला होता. हेच एक होतं त्याच्याकडे. बायको नाही, पोरं नाहीत, बरा शब्द नाही, फक्त एवढंच, सगळे माझ्याकडे आहेत. आणि आता विचारायला आलेत आणि नाहीये.

गुरुवारी दुपारी क्लोटीलने त्याला निळ्या दारात गाठलं. मिस डॉट ग्लास पुसत होती, टूट हातावर डोकं ठेवून बसलेला.

"सापडलं?"

"पाण्यात गेलं."

"माळा पाण्यात गेला नव्हता तुझा."

"माळ्यावर नव्हतं ते. खाली होतं." त्याने समोरचा ग्लास सरकवला. "गाळात."

"कशात?"

टूटने मान वर केली. "खालच्या खणाला तो गाळ म्हणायचा, मिस क्लोटील. जे ठेवायच्या लायकीचं नाही ते."

अल्सीडला वाटलं आता ही ओरडणार, मारणार, त्या झाडूवाल्या आईसारखी. आणि त्याला ते चाललं असतं, बरंच वाटलं असतं. पण क्लोटील हसली. खांदे हलेपर्यंत हसली, आणि त्या हसण्याला कुणी साथ दिली नाही. मग ती बोळात गेली आणि फ्रेम खिळ्यावरून काढून घेऊन आली. काचेवर खालच्या बाजूला पाण्याची रेघ होती, टोपीपर्यंत. वर पट्टे कोरडे.

"हाच छापते."

"वेडी आहेस का? डोकं नाही त्याला! लोक हसतील!"

"हसतील की. एवढी वर्षं हसतायत, तूच शिकवलंस. ह्यात बोटं तरी त्याची आहेत, त्या हसऱ्या फोटोत ती पण नाहीत, ताटाखाली गेलीत." फ्रेम काखेत मारून ती दाराकडे निघाली आणि वळली. "आणि घाबरू नको, तुझं नाव घालते. चोरी नको कुणाच्या कलेची."

शनिवारी अल्सीड काळ्या सुटात चर्चपाशी आला, कॅमेरा पाठीवर, झाकण लावलेलं. मयत सोडेपर्यंत, म्हणजे शववाहिका निघून जाऊन रडण्याचं नाचणं होईपर्यंत, कॅमेरा पुढे आणायचा नाही हा त्याचा नियम, आणि तो त्याने लहानमोठ्या सगळ्यांवर लादलेला. दारात क्लोटील स्वतः पंखे वाटत होती. त्याच्या हातात तिने पंखा दिला, बघितलंही नाही त्याच्याकडे.

पुठ्ठ्याच्या अगदी वरच्या कडेला मान संपत होती. खाली पट्टे, दोरा, बोटं. त्याखाली नाव, नॉरिस गॅस्पर्ड. आणि त्याखाली तेवढ्याच मोठ्या, तेवढ्याच काळ्या अक्षरात, फोटो: अल्सीड दुसे.

चर्चमध्ये शेकडो पंखे हलत होते. प्रत्येक पंख्यावर त्याचं नाव, डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. प्रवचन कुणाला ऐकू येतंय! "अल्सीड, राजा," मागच्या बाकावरून कुणीतरी कानात म्हणालं, "हात थरथरतो का रे आता? डॉक्टरला दाखव." दुसरा म्हणाला, "माझ्या नातीचा वर्गाचा फोटो ह्यानेच काढलाय, घरी जाऊन मोजायला पाहिजे." आणि बाहेर निघताना एक भांडीवाला, उंच, सोनेरी दाढीचा, गळ्यात दोन कॅमेरे, अदबीने पुढे आला. "माफ करा, हे तुम्हीच ना? डोकं नाहीये ते मुद्दाम आहे का? म्हणजे कला म्हणून?"

अल्सीडने पंखा उलटा धरला आणि तो बँडच्या दिशेने चालायला लागला.

बँड निघाला. सगळ्यात पुढे पट्टा घातलेला म्हातारा, टोपी छातीशी, एक पाऊल टाकून थांबणारा. मागे शववाहिका. तेच संथ गाणं, कोबीच्या खोक्यावरचं. अल्सीड चालत होता, आज सरळ, सगळ्यांसारखा, आणि त्याची नजर सारखी बँडच्या डाव्या टोकाकडे जात होती. तिथे एक माणूसभर जागा मोकळी सोडली होती.

क्लेबर्नच्या उड्डाणपुलाशी बँड दोन्ही बाजूंना सरला, मधून गाडी पुढे गेली, वळली, दिसेनाशी झाली. मयत सुटली. मग टूटने ढोलावर दणका दिला आणि पुलाखाली तो असा घुमला की वरच्या गाड्यांचा आवाज बुडाला, ट्रम्पेटं चढली, रुमाल बाहेर आले, छत्र्या उघडल्या, आणि लोक नाचायला लागले.

आणि टूटने काय केलं, त्याचे हात तर ढोलात अडकलेले, त्याने आधीच पंख्याची काडी छातीवरच्या ढोलाच्या पट्ट्यात खोचून ठेवली होती. मान संपली तिथे टूटची हनुवटी. पट्ट्यांच्या जाकिटावर टूटचं डोकं! एका बाईने बघितलं, किंचाळली, आणि आपला पंखा हनुवटीखाली धरला. मग तिच्या शेजारणीने. मग सगळ्यांनी. पुलाखाली बघावं तिकडे नॉरिस, जाडा नॉरिस, दात नसलेला नॉरिस, लिपस्टिक लावलेला नॉरिस, बापाच्या खांद्यावर बसलेला इवलासा नॉरिस, घामाने डबडबलेले, रडणारे, नाचणारे, सगळे डोक्यासकट.

अल्सीडने ते बघितलं आणि त्याला एका क्षणात कळलं की हाच तो फोटो. ज्याच्यासाठी जन्मभर उलटा चालला तो हा. उजेड पुलाच्या खांबांमधून तिरपा येतोय, धूळ उडतेय, सगळं जागच्या जागी. त्याने कॅमेरा पुढे ओढला, झाकण काढलं, डोळ्याला लावला.

सगळं काळं झालं. काचेवर क्लोटीलचा तळवा होता.

"नाही," ती म्हणाली. "तू नाही."

"क्लोटील, बाजूला हो! उजेड जातोय!"

"जाऊ दे. तुला नाही मिळणार हा. ज्याला पाहिजे त्याला मिळेल, तुला नाही."

तिने त्याच्या हातातला पंखा घेतला आणि त्याच्या हनुवटीखाली धरला, पुठ्ठ्याची कड गळ्याला रुतेपर्यंत. मग मागे न बघता हाक मारली, "ए भांडीवाल्या! हो तूच, दाढीवाल्या, इकडे ये. हा काढ."

"मी?" तो बिचारा गडबडला.

"काढ रे! हनुवटी वर, अल्सीड. हलू नको. हलू नको म्हटलं ना गाढवा."

तो हलला नाही. का हलला नाही ते त्यालाही सांगता यायचं नाही. आजूबाजूला सगळे नॉरिस नाचत होते आणि मध्ये हा एक उभा, पट्ट्यांचं जाकीट, तुटलेलं बटण, पायाशी टोपी, आणि वर हसू नसलेलं तोंड. दाढीवाल्याने फोटो काढला.

आणि त्याने पाठवला! इतक्या वर्षांत पहिला भांडीवाला. मिस डॉटच्या पत्त्यावर मोठं पाकीट आलं. रंगीत फोटो, मागच्या छत्र्या लालभडक, जाकिटाचे पट्टे तेवढे काळेपांढरे. मिस डॉटने तो आधी अल्सीडच्या हातात दिला, रिवाजाप्रमाणे, आणि मग संडासाकडच्या बोळात त्याच जुन्या खिळ्यावर लावला. क्लोटील जुनी फ्रेम घरी घेऊन गेली ती गेलीच.

अल्सीड अजून रविवारी येतो. नवीन पोरांना अजून बाजूला हो म्हणतो, चीजवाल्या बारला अजून शिव्या घालतो. बोळातून जाताना मान वळवत नाही. पण कुणी नवखा ग्लास हातात घेऊन तिथे थबकला आणि विचारलं की हे कोण, तर उत्तर तोच देतो, टूटला देऊ देत नाही.

"नॉरिस गॅस्पर्ड. ट्रम्पेट." आणि मग, रंगांकडे बघून तोंड वाकडं करत, "फोटो भिकार आहे. वाजवणारा भिकार नव्हता."